हुमल्यांच्या झाडावरचा सोंगाड्या कोळी: कणकुंबीपासून अथणीपर्यंत त्याचा ठावठिकाणा कसा शोधायचा

खानापूरकडच्या कुठल्याही वाडीत फणसाखाली उभं राहून "काका, झाडावर हुमले आहेत काय?" असं विचारलं, की आधी बोट वर जातं आणि मग उत्तर येतं. पानं एकमेकांना चिकटवून केलेलं ते फुटबॉलएवढं घरटं सगळ्यांच्या ओळखीचं असतं. आंबे उतरवताना, काजू काढताना त्यांचा चावा खाल्लेला नाही, असा माणूस तिकडं मिळायचा नाही. कुणी हुमले म्हणतं, कुणी ओंबील, कुणी नुसतंच तांबडे मुंगळे. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला "केंपु इरुवे" म्हटलं, की तोही त्याच फांदीकडं बघतो.

त्याच फांदीवर, त्याच तांबूस रंगाचा, जवळजवळ त्याच चालीचा एक कोळी राहतो. तो उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला आहे. शास्त्रीय नाव मिरमाप्लाटा प्लाटालिऑयडिस. मी त्याला सोंगाड्या म्हणतो आणि पुढं तेच नाव वापरणार आहे. ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी १८६९ साली श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. पुस्तकांत तो बरीच वर्षं मिरमाराक्नी या नावाखाली होता, आताचं नाव २०१६ पासूनचं. नावाच्या शेवटच्या भागात चमचा पक्षी आहे. नराचे लांबलचक, टोकाला फुगलेले जबडे बघितले की ते नाव का दिलं ते लगेच पटतं.

भारत, श्रीलंका, चीन आणि आग्नेय आशिया हा त्याचा प्रदेश. पण "भारत" हा शब्द इथं फार मोठा आहे. आपल्या सीमाभागात पश्चिमेला कणकुंबीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला अथणीत ६०० मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक समाधानी असतात. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना "बेळगावात आढळतो" या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठल्या गावापर्यंत, कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, हे लिहिलं तरच त्याला वितरणाची नोंद म्हणता येईल. आणि ते काम बाहेरून येऊन कुणी करणार नाही. ज्याच्या परड्यात आंबा आहे, त्यानंच ते करायचं आहे.

आधी हुमले, मग कोळी

नव्या माणसाची पहिली चूक ठरलेली: तो कोळी शोधायला निघतो. एक सेंटिमीटरच्या आतबाहेरचा, हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा जीव आख्ख्या रानात शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं. सोंगाड्या हुमल्यांच्या वस्तीला धरून राहतो, म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्या फक्त हुमल्यांची झाडं नोंदवण्यात घालवा. कोळ्याकडं बघूही नका.

हुमले (शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅराग्डिना) जमिनीत वारूळ करत नाहीत. जिवंत पानं ओढून जवळ आणतात आणि आपल्याच अळ्यांना तोंडात धरून, त्यांच्या रेशमानं पानांच्या कडा सांधतात. एका वसाहतीची घरटी एकाच झाडावर असतात असं नाही. ती चार-सहा झाडांवर पसरलेली असू शकतात आणि सगळ्यांची राणी मात्र एकच. त्यामुळे दोन शेजारच्या आंब्यांवरची घरटी दोन वेगळ्या वस्त्या म्हणून मोजू नका. फांद्या एकमेकींना लागलेल्या असतील आणि हुमले इकडून तिकडं निवांत जात-येत असतील तर ती एकच वस्ती. दोन टोळ्यांची गाठ पडली तर ते भांडतात, हीसुद्धा ओळखायची एक खूण.

आंबा, फणस, काजू, जांभूळ, चिकू, करंज ही झाडं आधी तपासा. मोठ्या, लवचिक पानांची सदाहरित झाडं त्यांना आवडतात. घरटं हिरवं आणि ताजं असेल तर वस्ती चालू आहे. पानं वाळून तपकिरी झाली असतील आणि खोडावर एकही हुमला नसेल तर ते सोडून दिलेलं घर आहे. तेही वहीत लिहा, पण वेगळं.

वाट कशी आखायची

निसर्गानं आपल्याला एक सोयीची पट्टी दिली आहे. चोर्ल्याचा रस्ता घ्या: कणकुंबी, जांबोटी, किणये, पिरनवाडी, बेळगाव. तिथून पुढं हुक्केरी, गोकाक आणि अथणी. पश्चिमेकडचं दाट जंगल, मग काजूच्या बागा, मग भातशेती आणि बांधावरचे आंबे, मग शहर, मग ऊस आणि काळी जमीन. पाऊस टप्प्याटप्प्यानं कमी होत जातो आणि झाडंही बदलत जातात. या एका रेषेवर बसलात तर जिल्हाभर भटकायची गरज पडत नाही.

रेषेवर सहा ते आठ ठिकाणं ठरवा. प्रत्येक ठिकाणी १० झाडं, प्रत्येक झाडाला तेवढाच वेळ. मी झाडामागं १५ मिनिटं देतो. कणकुंबीत आवडीनं तीन तास घालवायचे आणि अथणीत उन्हाला कंटाळून अर्ध्या तासात परत फिरायचं, असं केलं तर नकाशावर पश्चिमेला ठिपकेच ठिपके येतात आणि पूर्वेला रिकामी जागा. ती रिकामी जागा कोळ्याची नसते, तुमच्या कंटाळ्याची असते. या एका गोष्टीवर मी अडून बसतो, कारण आवडीनं केलेल्या कितीतरी नोंदी याच कारणानं निकामी ठरतात.

शहर गाळू नका. कॅम्पातली जुनी मोठी झाडं, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचा परिसर, घरांच्या मागची आंब्याची झाडं, हे सगळं याच रेषेवर येतं आणि रोज सकाळी फिरायला जाणाऱ्याला तिथं वर्षभर नोंद ठेवता येते. महिन्यातून एकदा जंगलात जाऊन होणार नाही असं काम घरामागच्या एका झाडावर होतं.

हल्याळ, जोयडा, दांडेलीकडं राहणाऱ्यांनी आपली वेगळी रेषा आखावी. तिकडं घाटातलं जंगल ते धारवाडकडचं मोकळं माळरान असा बदल मिळतो. बिदर-भालकीकडच्यांना एवढा ओला पट्टा मिळणार नाही. तिथं विहिरीजवळच्या आमराया आणि ओढ्याकाठचे करंज आधी बघावेत.

एक गोष्ट कायद्याची. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं आणि खानापूर तालुक्याचा बराच जंगलपट्टा त्यात येतो. जोयड्याकडं काळी व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. या कामासाठी तशी गरजही नाही, कारण रस्त्याकडेची झाडं, गावातल्या बागा आणि देवळाभोवतीच्या राया पुरेशा आहेत. दुसऱ्याच्या बागेत मात्र विचारूनच जा. बेळगावकडं विचारलं की नुसती परवानगी मिळत नाही, चहाही मिळतो आणि कुठल्या झाडावर किती वर्षं हुमले आहेत याचा इतिहासही. तो इतिहास वहीत उतरवा.

कधी जायचं

घाटमाथ्यावर जून ते ऑगस्ट या काळात पाऊस उभं राहू देत नाही. गणपती झाल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो: पानं भरलेली, पाऊस ओसरलेला, किडे भरपूर. दुसरी फेरी आंब्याला मोहोर आल्यावर. तिसरी शिमग्यानंतर, कडक उन्हाळा लागायच्या आत. प्रत्येक झाडाला वर्षात निदान तीन भेटी हव्यात.

वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा. सोंगाड्या दिवसा वावरणारा आहे आणि त्याची शिकार नजरेवर चालते, त्याला उजेड लागतो. अगदी पहाटे पानांवर दव असताना फारसं काही हलत नाही. भर दुपारी पानांच्या मागं गेलेला जीव तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही "नाही" लिहून मोकळे होता.

झाडाखाली उभं राहिल्यावर

पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट घाला, पँटचे पाय मोज्यात खोचा, डोक्याला रुमाल बांधा. हुमला चावतो आणि चावलेल्या जागी आम्लाची पिचकारी मारतो, डोळ्यात गेली तर फार झोंबतं. फांदीच्या अगदी खाली तोंड वर करून उभं राहू नका. हाताशी येणारी फांदी निवडा आणि तिच्या बाजूला उभे राहा.

कोळी शोधणारे एरवी फांदीखाली पांढरी छत्री उलटी धरून वरून काठी मारतात. हुमल्यांच्या झाडावर हा प्रयोग अजिबात करू नका. छत्रीत कोळी एक आणि हुमले दोनशे पडतात, शिवाय त्यांची वस्ती विस्कटते ती वेगळीच. इथं डोळा हेच साधन. सोबत मोबाईलला लावायची छोटी मॅक्रो भिंग, वही आणि पेन्सिल एवढं पुरे.

पहिली पाच मिनिटं फक्त हुमल्यांची रांग बघा. ते एकमेकांना भेटतात, मिशा लावून विचारपूस करतात, पुढं जातात. थांबले तरी घोळक्यात थांबतात. ही लय डोळ्यांत बसली की तिच्यात न बसणारा जीव आपोआप खटकतो. रांगेपासून एक-दोन पानं सोडून, एकटाच, दोन पावलं चालतो, थांबतो, वळून बघतो. समोरून खरा हुमला आला तर त्याला मिशी लावत नाही, मागं सरकून पानाच्या कडेवरून पलीकडच्या बाजूला जातो. मुंगीचं सोंग घेतलं तरी हुमल्यांशी त्याची मैत्री नाही. ते त्याला पकडू शकतात, म्हणून तो अंतर राखूनच राहतो. सोंगाचा फायदा दुसरीकडं आहे: हुमल्यांच्या वाटेला न जाणारे पक्षी आणि इतर शिकारी यालाही हुमला समजून सोडून देतात.

जांबोटीजवळच्या एका परड्यात चिकूच्या पानावर मी एक नर पंधरा मिनिटं बघत होतो. लांबून वाटलं, एक हुमला दुसऱ्या लहान हुमल्याला तोंडात धरून नेतोय. ही नेहमीची गोष्ट आहे, ते एकमेकांना असं उचलून नेतात. भिंग लावली तेव्हा तो "दुसरा हुमला" म्हणजे त्याचेच पुढं आलेले जबडे निघाले: लांब, तांबूस, टोकाला डोक्यासारखा फुगवटा आणि त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका. पानाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक नर आला. दोघांनी जबडे बाजूंना फाकवले, तेव्हा आत दुमडलेल्या लांब दाढा तलवारीसारख्या बाहेर आल्या. काही क्षण ते समोरासमोर ढकलाढकली करत राहिले, मग धाकटा वळला आणि रेशमाच्या धाग्यावरून खालच्या पानावर उतरला. हुमला असं कधीच उतरत नाही.

ओळख पक्की करायच्या खुणा

पाय मोजा. मुंगीला सहा पाय आणि दोन मिशा. कोळ्याला आठ पाय, पण सोंगाड्या पुढची जोडी वर उचलून मिशांसारखी हलवतो, म्हणून पहिल्या नजरेला हिशेब सहावरच थांबतो. खऱ्या मिशीला कोपरासारखा ठळक वाक असतो, कोळ्याच्या उचललेल्या पायाला तसा नसतो.

समोरून बघा. उड्या मारणाऱ्या कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यातले समोरचे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. हुमल्याला डोक्याच्या दोन बाजूंना दोन डोळे. सोंगाड्याच्या बाजूला दिसणारे काळे डाग फसवे असतात, त्यामुळे फक्त बाजूनं काढलेल्या फोटोवर निकाल देऊ नका.

बोट जवळ न्या, स्पर्श करू नका. हुमला जबडा उघडून तुमच्या बोटावर चाल करून येतो. सोंगाड्या पळतो किंवा धाग्यावर लटकतो. माझ्या अनुभवात घाईच्या वेळी हीच परीक्षा सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

मादीला लांब जबडे नसतात, ती एकट्या हुमल्यासारखी दिसते आणि म्हणून जास्त निसटते. पिल्लं तर आणखी फसवतात. ती लहान असताना वेगळ्या, छोट्या मुंग्यांसारखी दिसतात आणि वाढत वाढत हुमल्याचं रूप घेतात. पिल्लू दिसलं तर प्रजातीचं नाव लिहू नका, "मुंगीसारखा कोळी, पिल्लू" एवढंच लिहा.

आता एका जुळ्याबद्दल. याच झाडावर अमायसिआ फोर्टिसेप्स नावाचा खेकडा कोळीही हुमल्याचं सोंग घेऊन असतो. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकावर दोन काळे ठिपके असतात, ते डोळ्यांसारखे दिसतात, म्हणजे त्याची शेपटाची बाजू मुंगीचं डोकं वाटते. तो हुमल्यांना मारून खातो. एखादा "हुमला" दुसऱ्याला धाग्याला टांगून घेऊन बसलेला दिसला तर तो हा. याला समोर मोठे दोन डोळे नसतात. या कोळ्याचीही नोंद करा, पण दोघांची गल्लत झाली तर सगळा नकाशा बिघडतो.

ज्यांनी उड्या मारणारा कोळी कधी नीट पाहिलेलाच नाही, त्यांनी आधी घराच्या भिंतीवर सराव करावा. उन्हात तापलेल्या बाहेरच्या भिंतीवर माश्यांवर टपून बसणारा, चपटा, राखाडी, बाजूंना पट्टे असलेला मेनेमेरस बायव्हिटॅटस आणि खिडकीपाशी फिरणारा, ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नर असलेला प्लेक्सिपस पेकुली. हे दोघंही माणसाच्या घरांबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलेले आहेत, त्यामुळे अथणीतल्या आणि कणकुंबीतल्या घरात सारखेच भेटू शकतात. आठवडाभर त्यांना बघा: ते मान वळवल्यासारखे कसे वळतात, उडी मारण्याआधी धागा कसा चिकटवतात. मग झाडाकडं जा. सोंगाड्याची कोळीपणाची खूण त्या थांबून बघण्यातच असते.

वहीतली नोंद

एक ओळ कशी असावी, ते दाखवतो:

"१२ ऑक्टोबर, सकाळी ९.२० ते ९.३५. जांबोटीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, काजूची बाग. झाड क्र. ४, फणस. चालू घरटी ३, जुनं १. ऊन, वारा कमी. सोंगाड्या: नर १, छातीएवढ्या उंचीवर, पानाच्या वरच्या बाजूला, घरट्यापासून हातभर अंतरावर. मादी ०. खेकडा कोळी ०. बागेत दोन महिन्यांत फवारणी नाही, असं मालक सांगतात."

शेवटचं वाक्य सोडू नका. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर आणि काजूवर फवारणी होते. त्यानंतर हुमले गेले आणि कोळीही गेला, तर त्याचं कारण पावसात शोधत बसाल.

झाडावर हुमले आहेत पण सोंगाड्या दिसला नाही, तर "०" लिहा. हुमलेही नाहीत, तरीही "०" लिहा, पण दुसऱ्या रकान्यात. हे दोन वेगवेगळे शून्य आहेत. पहिला सांगतो की घर आहे पण भाडेकरू दिसला नाही, दुसरा सांगतो की घरच नाही. या दोन शुन्यांमधून कळतं की पूर्वेकडं कोळी थांबतो तो हुमले थांबतात म्हणून, की हुमले असूनही तो तिथं पोचत नाही म्हणून. माझ्या मते सगळ्या कामातली ही सगळ्यात मौल्यवान माहिती आहे आणि लोक नेमकी तीच लिहीत नाहीत, कारण शुन्याचा फोटो काढता येत नाही.

फोटो चार हवेत: वरून, बाजूनं, समोरून चेहऱ्याचा आणि चौथा आख्ख्या फांदीचा, घरट्यासह. चौथा फोटो अधिवासाचा पुरावा असतो. जीव पकडून डबीत भरू नका, फांदी तोडू नका. पानाच्या खोलगट भागात पातळ पांढऱ्या रेशमाचा पडदा दिसला तर तो सोंगाड्याचा निवारा असू शकतो, आत मादी अंड्यांवर बसलेली असते. तो उघडून बघायचा मोह आवरा.

नकाशावर ठिपका ठेवताना

एकदा माझी अख्ख्या दिवसाची नोंद वाया गेली. मोबाईलचं लोकेशन बंद होतं, फोटो घरी येऊन चढवले आणि कणकुंबीचे सगळे सोंगाडे नकाशावर बेळगाव शहरात, माझ्या गल्लीत जाऊन बसले. दोन महिन्यांनी लक्षात आलं. तेव्हापासून पहिल्या झाडाखाली उभं राहिल्या राहिल्या मी लोकेशन चालू आहे का बघतो आणि अक्षांश-रेखांश वहीतही हातानं लिहितो. दशांश चिन्हानंतर चार आकडे पुरतात, तेवढ्यात जागा साधारण १० मीटरपर्यंत ठरते.

नोंदी आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर चढवता येतात. तिथं इतर लोक फोटो तपासून ओळख पक्की करतात किंवा खोडतात. कुणी खोडली तर वाईट वाटून घेऊ नका, समोरून काढलेला फोटो टाका आणि विचारा. नाव लिहिताना वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये सध्याचं नाव बघून घ्या, कारण जुनं मिरमाराक्नी हे नाव अजून बऱ्याच ठिकाणी सापडतं आणि एकच कोळी दोन नावांनी मोजला जातो.

तुमचा स्वतःचा नकाशा कागदावरही होतो. तालुक्याच्या नकाशावर ५ किलोमीटरचे चौकोन आखा. जिथं सोंगाड्या दिसला तो चौकोन पूर्ण भरा. जिथं हुमले दिसले पण तो नाही, तो अर्धा भरा. जिथं तीन भेटींत हुमलेही नाहीत, तिथं फुली. जिथं गेलाच नाहीत, तो चौकोन कोरा ठेवा. फुली आणि कोरा यांत गोंधळ झाला की नकाशा खोटं बोलायला लागतो. आणि फुलीचा अर्थही जपून लावा: "तीन भेटींत दिसला नाही", एवढंच. "इथं नाही" असं लिहायला तीन भेटी पुरत नाहीत.

दोन-तीन हंगामांनंतर भरलेल्या चौकोनांची पूर्वेकडची कड बघा आणि तिच्याशेजारी पावसाचा नकाशा ठेवा. ती कड पावसाच्या रेषेबरोबर सरळ चालते, की घटप्रभा आणि मलप्रभेच्या काठानं, कालव्यांच्या बागायतीनं पूर्वेकडं बोटं काढते? नदीकाठची एखादी जुनी आमराई कोरड्या भागात एकटीच भरलेली दिसली तर तिथं पुन्हा जा, आजूबाजूची दहाही झाडं बघा, आणि बागेच्या मालकाला विचारा की ही कलमं कुठून आणली. रोपांच्या पानांवरून हुमले आणि त्यांच्या मागून कोळी दूरवर जाऊ शकतात. कलमं कोकणातून आली असतील तर त्या एका चौकोनाची गोष्ट वेगळी लिहावी लागते.

कडेवरच्या प्रत्येक चौकोनातलं एक झाड पक्कं करा, त्याला क्रमांक द्या, मालकाचं म्हणणं विचारून घ्या आणि पुढच्या गणपतीनंतरची फेरी त्याच झाडापासून सुरू करा.